लांब पल्ल्याचा बैल आणि आखूड पट: पैनगंगेच्या दोन काठांवरील शर्यतींचा इतिहास

महाराष्ट्रातील यवतमाळ जिल्हा आणि तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा यांच्यामध्ये पैनगंगा ही आज राज्याची सीमा म्हणून वाहत असली, तरी शेती, बैल, सण आणि बोली यांचा विचार केला तर तिचे दोन्ही काठ दीर्घकाळ एकाच मुलखाचे भाग होते. निजामाच्या राज्यात असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातून 1956 च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात आले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशाकडे गेला. 2014 मध्ये तो तेलंगणाचा झाला आणि 2016 मध्ये त्याचेही विभाजन होऊन आदिलाबाद, निर्मल, मंचेरियल व आसिफाबाद असे चार जिल्हे अस्तित्वात आले. सीमा अशा वारंवार बदलत राहिल्या, परंतु काळ्या जमिनीतील कापूस, पोळ्याला सजविली जाणारी बैलजोडी आणि मराठी, गोंडी, तेलुगू, कोलामी व बंजारा या बोलींचा शेजार दोन्ही काठांवर कायम राहिला. या मुलखातील बैलाच्या धावेचा इतिहास पाहू गेल्यास एक गोष्ट ठळकपणे दिसते: जो बैल एके काळी किती लांब जातो यावरून पारखला जात असे, तो आता काही सेकंदांत किती वेगाने धावतो एवढ्यावरूनच पारखला जातो. हा बदल शर्यतीच्या मैदानात सुरू झालेला नाही. त्याची सुरुवात रस्त्यावर झाली, आणि मैदानाने व पुढे कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले.

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाड आणि त्याला लागून असलेला निजामाचा उत्तर मुलूख यांची सारी वाहतूक बैलावर अवलंबून होती. ही वाहतूक दोन प्रकारची होती. पहिला प्रकार पाठीवर गोण लादलेल्या बैलांच्या तांड्यांचा, ज्यांचे मालक प्रामुख्याने बंजारे असत. दुसरा प्रकार गाड्यांचा, ज्यांत माल वाहणारी जड बंडी आणि माणसे नेणारी हलकी दमणी, रेंगी किंवा छकडा असे भेद होते. अमरावतीचा कापूस गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत, म्हणजे सुमारे 500 मैल किंवा 800 किलोमीटर, बैलांवर व गाड्यांवर नेला जात असे, आणि 1842 मध्ये एकाच व्यापाऱ्याने या मार्गाने एक लाख बैलांची ओझी रवाना केल्याचे ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्ये नोंदलेले आहे. हा आकडा अतिशयोक्त मानला, तरी या व्यापारात बैलाची किंमत कशावर ठरत असेल हे त्यावरून कळते. असा बैल दिवसामागून दिवस ठरावीक चालीने चालणारा, कमी पाण्यावर तग धरणारा आणि कठीण खुरांचा असावा लागे. काही क्षणांचा वेग त्या कामी निरुपयोगी होता.

सैन्याची गरज याहून थोडी वेगळी होती, कारण तिथे पल्ला आणि वेग ही दोन्ही हवी असत. वर्धा जिल्ह्यातील आर्वी परिसर, नागपूर आणि मध्य प्रदेशातील छिंदवाडा या पट्ट्यात आढळणारी गवळाऊ ही गोवंशाची जात मराठ्यांनी डोंगराळ प्रदेशातील जलद लष्करी वाहतुकीसाठी वाढविली, असे पशुसंवर्धनाच्या ग्रंथांत सांगितले जाते. अरुंद लांब चेहरा, पांढरा किंवा राखाडी रंग, हलकी बांधणी आणि दुडक्या चालीने दीर्घकाळ पळण्याची क्षमता ही तिची लक्षणे होत. दुडकी चाल म्हणजे चालणे आणि भरधाव पळणे यांच्या मधली, दम न लागता टिकवता येणारी गती. दक्षिणेत म्हैसूरच्या अमृतमहाल बैलांनी हेच काम केले. हैदरअलीचे सैन्य या बैलांच्या बळावर चिदंबरमच्या मदतीला अडीच दिवसांत 100 मैल गेल्याची हकीकत जुन्या लष्करी वृत्तांतांतून पुन्हा पुन्हा उद्धृत होत आली, आणि 1803 च्या मराठा युद्धात असई व आडगावच्या लढाया जिंकणाऱ्या आर्थर वेलस्लीनेही म्हैसूरच्या बैलांची वाखाणणी केली होती. दख्खनच्या पश्चिम भागात सातारा, सांगली व सोलापूरकडील खिल्लार, आणि आदिलाबादला लागून असलेल्या नांदेड भागात लाल कंधारी, अशा जाती त्या त्या मातीच्या गरजेप्रमाणे घडल्या. या जातींची घडण शर्यतीसाठी झालेली नव्हती. परंतु ज्या गुणांवर पुढे शर्यती उभ्या राहिल्या, ते गुण त्यांच्यात वाहतुकीने आणि युद्धाने उतरविले होते.

अशा मुलखात स्पर्धा निर्माण होणे स्वाभाविक होते, आणि तिचे आरंभीचे रूप रस्त्यावरचे होते. लग्नाचे वऱ्हाड, बाजार आणि जत्रा यांच्या वाटेवर दमण्या व छकडे पळविणे हा ग्रामीण महाराष्ट्रात नित्याचा प्रकार होता, आणि अशा पळवण्यात जिंकणाऱ्या जोडीचा लौकिक गावोगाव पसरे. तिथे अंतर कोणी आखून दिलेले नसे. दोन गावांमधला रस्ता जेवढा, तेवढी शर्यत. दक्षिण महाराष्ट्रात याच प्रकाराला पुढे आखीव स्वरूप मिळाले आणि सांगली, कोल्हापूर या भागांत काही किलोमीटर अंतर जाऊन परत येण्याच्या रस्त्यावरील शर्यती रूढ झाल्या, तर कोकणात अलिबागच्या बाजूला समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर लांब अंतराच्या शर्यती धावू लागल्या. या शर्यतींत गाडीवानाचे कौशल्य बैलाच्या ताकदीइतकेच मोलाचे होते, कारण जोडी कोठे रोखून धरायची, कोठे मोकळी सोडायची आणि वळणावर आतली बाजू कशी साधायची यावर निकाल ठरे.

विदर्भात मात्र वेगळे रूप प्रबळ झाले, ते शंकरपटाचे. शंकरपट म्हणजे पीक निघून गेल्यावर मोकळ्या शेतात तयार केलेल्या आखूड, सरळ धावपट्टीवर हलक्या गाडीला जुंपलेली जोडी पळविणे. ही गाडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात आणि अशा शर्यतीसाठी राखलेल्या बैलांना पटाची जोडी म्हणतात. हिवाळ्यात खरीप हाती आल्यानंतर, शेतकऱ्याच्या हातात पैसा आणि बैलांना सवड असण्याच्या काळात हे पट भरतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जोडरचना रूढ झाली, त्यामुळे पटाला आलेला पाहुणा नाटकाचा प्रेक्षक ठरला आणि एका गावाचा उत्सव आसपासच्या अनेक गावांचा झाला. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा शंकरपट असाच दूरवर प्रसिद्धी पावला आणि तिथे महिला धुरकऱ्यांचाही पट भरू लागला. पैनगंगेच्या दक्षिण काठावरील मराठी भाषक गावांनाही पटाचा हा विदर्भी प्रकारच परिचित आहे, कारण त्या गावांचे सोयरसंबंध, बैलबाजार आणि जत्रा यांचा ओढा नदीपलीकडे राहिला.

लांब पल्ला मागे पडण्याचे पहिले कारण रेल्वे होय. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोहोचली आणि पुढील दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याकडे फाटा निघाला, तेव्हा मिर्झापूरची वाट आणि तिच्यावरचे तांडे यांचे प्रयोजनच संपले. बैल त्यानंतरही अपरिहार्य राहिला, परंतु त्याचे काम शेत ते जिनिंग कारखाना किंवा गाव ते स्टेशन एवढ्या टप्प्यापुरते उरले. निजामाच्या मुलखात हा बदल उशिरा आला. काझीपेठ ते बल्लारशा हा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झाला आणि मद्रास ते दिल्ली हा सरळ मार्ग जिल्ह्याच्या पूर्व भागातून जाऊ लागला. हैदराबाद ते नागपूर हा मोटाररस्ता आदिलाबाद गावावरून गेला. रस्ते आणि रेल्वे यांच्याबरोबर या डोंगराळ भागात मराठी व तेलुगू शेतकऱ्यांची नवी वस्ती वाढत गेली आणि गोंडांच्या जमिनी त्यांच्या हातून जाऊ लागल्या, याचे तपशीलवार वर्णन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी 1940 च्या दशकात केलेल्या अभ्यासात आढळते. नव्या वस्तीबरोबर कापसाची शेती आणि बैलजोड्या वाढल्या असणार, परंतु या बैलांना दूर जाण्याचे कारण उरले नव्हते. नांगर, वखर आणि जवळच्या बाजारापर्यंतची बंडी एवढ्यातच त्यांचे वर्ष सरत असे.

दुसरे कारण खुद्द शर्यतीच्या अर्थकारणात आहे, आणि ते केवळ बैलांच्या शर्यतीपुरते मर्यादित नाही. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात घोड्यांच्या शर्यती चार-चार मैलांच्या फेऱ्यांच्या असत आणि एकाच दिवशी तोच घोडा अशा अनेक फेऱ्या धावे. 1776 मध्ये सेंट लेजर आणि 1780 मध्ये डर्बी सुरू झाल्यानंतर कमी वयाच्या घोड्यांच्या, एकाच फेरीच्या आखूड शर्यतींनी त्यांची जागा घेतली. पुण्याच्या रेसकोर्सवर धावणारी इंडियन सेंट लेजर 2,800 मीटरची आणि मुंबईच्या महालक्ष्मीवरील इंडियन डर्बी 2,400 मीटरची असते. या मानाच्या शर्यतींमध्ये सेंट लेजर सर्वांत लांब असूनही डर्बीइतके आकर्षण तिच्या वाट्याला आले नाही. ग्रेहाउंड या शिकारी कुत्र्यांच्या शर्यतीत हीच वाटचाल अधिक वेगाने घडली. मोकळ्या माळावर सशाच्या मागे कुत्री सोडून त्यांचा वेग, वळण आणि दम यांची पारख करण्याचा जुना प्रकार मागे पडला आणि 1919 मध्ये अमेरिकेत ओवेन पॅट्रिक स्मिथ यांनी यांत्रिक सशामागे कुत्री धावविण्याची रचना प्रत्यक्षात आणली. 24 जुलै 1926 रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू येथे पहिली ब्रिटिश शर्यत झाली, ती 440 यार्डांची. पुढे लंडनमध्ये डर्बीसाठी 525 यार्ड आणि सेंट लेजरसाठी 700 यार्ड ही अंतरे ठरली, परंतु लांब पल्ल्याच्या धावकांसाठीच्या शर्यती संख्येने नेहमीच थोड्या राहिल्या आणि काळाच्या ओघात आणखी कमी होत गेल्या. कारण सोपे आहे. पैज लावणाऱ्याला एका संध्याकाळी अनेक निकाल हवे असतात, मालकाला लहान वयातच बक्षीस मिळवून देणारे जनावर हवे असते, आणि पैदासकार ज्या गुणाला किंमत मिळते त्याच गुणाची निवड करतो; अशा तीन पिढ्या गेल्या की लांब धावणारे जनावर मुळातच दुर्मीळ होते, आणि ते दुर्मीळ झाले म्हणून त्याच्या शर्यती आणखी कमी होतात.

बैलांच्या शर्यतीत पैदासीचे हे चक्र कुत्र्यांइतके घट्ट नाही, तरी दिशा तीच आहे. एका दिवसात शेकडो जोड्या उतरवायच्या असतील तर धाव आखूडच असावी लागते. प्रेक्षकांना आरंभ आणि अंत दोन्ही एका जागेवरून दिसावे लागतात. आणि निकालावर वाद होऊ नये म्हणून डोळ्यांऐवजी घड्याळाने मोजमाप करावे लागते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव व खेड भागात बैलगाडा घाटात, म्हणजे खास बांधलेल्या चढत्या धावपट्टीवर, गाडीवानाशिवाय पळविला जातो आणि वेळेवरून ‘घाटाचा राजा’ व ‘फळीफोड’ यांसारखे मान ठरतात. साताऱ्याकडे पुसेगावसारख्या यात्रांच्या मैदानात अनेक गाड्या एकत्र सोडल्या जातात आणि बैलांच्या दातांवरून वय ठरवून आदत, दुसा, चौसा असे गट पाडले जातात; आदत म्हणजे दुधाचे दात न पडलेला कोवळा बैल. विदर्भाच्या पटात सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारी विद्युत यंत्रे आली. या तिन्ही प्रकारांत एक समान सूत्र आहे: दमाच्या परीक्षेची जागा झेपेच्या परीक्षेने घेतली. त्याबरोबर जोडीची किंमतही बदलली, कारण शेतीला जुंपता येणारी जोडी आणि पटाची जोडी हे दोन वेगळे व्यवहार झाले आणि पटाच्या जोडीला शेतीकामातून जवळजवळ पूर्णपणे मुक्त ठेवले जाऊ लागले.

तिसरे कारण कायद्याचे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 11 जुलै 2011 च्या अधिसूचनेने बैलाचा समावेश ज्या प्राण्यांचे प्रदर्शन किंवा खेळ करता येत नाही अशांच्या यादीत केला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागराज खटल्यात जल्लीकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतींनाही मनाई केली आणि बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणे धावण्यासाठी झालेली नाही, असे मत नोंदविले. महाराष्ट्राने 2017 मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केल्याने तिची अंमलबजावणी रखडली. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तीन राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. महाराष्ट्राच्या नियमांत लांब पल्ल्याच्या इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक असलेली तरतूद अशी की, धावपट्टी 1,000 मीटरपेक्षा लांब असता कामा नये आणि शर्यत सार्वजनिक रस्त्यावर घेता येत नाही. चाबूक, काठी व विजेचा धक्का यांना बंदी आहे आणि क्रूरतेबद्दल पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा आहे. डांबरी रस्त्यावरील काही किलोमीटरच्या शर्यती अशा रीतीने कायद्याच्या भाषेतूनच बाद झाल्या.

पैनगंगेच्या दक्षिणेस परिस्थिती निराळी आहे. घटनापीठापुढे ज्या तीन राज्यांचे कायदे होते त्यांत तेलंगणाचा नव्हता, त्यामुळे 2023 च्या निकालाने उत्तर काठावरील पटाला मिळालेला कायदेशीर आधार आदिलाबादच्या पटाला आपोआप मिळत नाही. एकच सण, एकच बैल आणि एकच भाषा असलेल्या दोन गावांत नदी ओलांडताच पटाचे कायदेशीर स्थान बदलावे, ही 1956 च्या सीमेची अनपेक्षित परिणती आहे. यातून वाट काढायची तर ती तेलंगणाच्या विधिमंडळातूनच निघू शकते.

आदिलाबादमध्ये बैल आणि दूरचा प्रवास यांचे नाते स्पर्धेबाहेर मात्र टिकून राहिले आहे, आणि त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूरच्या नागोबा जत्रेचे आहे. पौष अमावास्येला भरणारी ही जत्रा राजगोंडांच्या मेश्राम कुळाची होय. जत्रेपूर्वी कुळातील मंडळी छकड्यातून गावोगाव फिरून आप्तांना वर्दी देतात आणि त्यानंतर जन्नारम मंडलातील हस्तिनमडुगू येथून गोदावरीचे पाणी आणण्यासाठी अनवाणी पायी जातात. त्या पाण्याने नागोबाची पूजा होते. जत्रेला येणारा बहुसंख्य समाज आज मोटारीने येत असला, तरी छकड्याचा हा फेरा विधीचा भाग म्हणून राखला गेला आहे. इथे बैलाने कोणाला हरवायचे नसते. ठरलेली गावे ठरलेल्या दिवसांत गाठणे एवढीच त्याची कसोटी असते, आणि जुन्या वाहतुकीत बैलाची परीक्षा नेमकी हीच होती.

लांब पल्ल्याच्या शर्यतींचा ऱ्हास हळहळण्याजोगा मानावा काय, हा प्रश्न यानंतर उरतो. डांबरी रस्त्यावर उन्हात काही किलोमीटर मारून पळविलेल्या बैलाचे हाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना 1,000 मीटरची मर्यादा अन्यायाची वाटणार नाही, आणि ती योग्यच आहे. परंतु शर्यतीचे अंतर घटले म्हणून बैलाचा दम टिकवण्याची गरज संपली असे म्हणता येत नाही, कारण त्या दमाला घडविणाऱ्या जातीच आता धोक्यात आहेत. 2019 च्या पशुगणनेत देशातील गोवंशाची एकूण संख्या 19 कोटी 25 लाखांच्या आसपास असताना त्यांपैकी गाई साडेचौदा कोटी आणि नर केवळ पावणेपाच कोटींच्या घरात होते. 2012 च्या तुलनेत नरांची संख्या जवळजवळ तीस टक्क्यांनी घटली. ट्रॅक्टरने नांगर आणि मालवाहू मोटारीने बंडी हिरावून घेतल्यावर बैलाजवळ पट हे एकच सार्वजनिक काम उरले, आणि पट तर झेपेचाच गुण निवडतो. गवळाऊ जातीच्या संवर्धनासाठी वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडी येथे शासकीय प्रक्षेत्र आहे. अशा केंद्रांनी आणि गावोगावच्या पशुप्रदर्शनांनी वजन ओढणे, चालीची लय राखणे आणि श्रमानंतर श्वास पूर्ववत होण्यास लागणारा वेळ अशा, पशुवैद्यकाच्या देखरेखीखालील चाचण्यांना बक्षिसे ठेवली, तर रस्त्यावरची शर्यत परत न आणताही दमदार जोडीला पुन्हा किंमत येईल. पटाचे इनाम ठेवणाऱ्या ग्रामपंचायती, बाजार समित्या आणि यात्रा समित्या यांच्या हातात हे काम आहे, आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.